बलून-उड्डाणे आणि वातावरणविज्ञान

वायुभारमापक, तापमापक व आर्द्रतामापक घेऊन माणसांनी बलूनमधून मोकळ्या हवेची केलेली निरीक्षणे. डोंगरमाथ्यावरील नोंदींत जमिनीच्या उष्णतेचा प्रभाव मिसळतो. त्यापासून मुक्त असे वरच्या हवेचे मोजमाप एकोणिसाव्या शतकात मुख्यतः बलूनमुळेच शक्य झाले.

झाक शार्ल यांनी १ डिसेंबर १७८३ रोजी पॅरिसहून हायड्रोजनच्या बलूनमधून केलेल्या उड्डाणात वायुभारमापक व तापमापक नेले होते. तथापि शास्त्रीय उद्देशाने आखलेले पहिले उड्डाण म्हणून डॉ. जॉन जेफ्रीस यांच्या उड्डाणाकडे (लंडन, ३० नोव्हेंबर १७८४) बोट दाखवणे अधिक योग्य ठरेल. त्यांनी कुप्यांत भरून आणलेले हवेचे नमुने हेन्री कॅव्हेंडिश यांनी तपासले. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक १६ सप्टेंबर १८०४ रोजी एकटेच सु. ७,००० मी. उंचीवर गेले. पॅरिसला जमिनीवर सु. २८° से. तापमान असताना वर ते −९.५° से. भरले. सु. ६,५०० मी. वरून आणलेल्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण जमिनीवरील हवेइतकेच आढळले.

ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जेम्स ग्लेशर यांनी १८६२–६६ या काळात ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या योजनेनुसार केलेली उड्डाणे सर्वांत प्रसिद्ध आहेत. उंचीनुसार तापमान एकाच दराने घटत नाही, हे त्यांच्या नोंदींतून दिसले. ५ सप्टेंबर १८६२ रोजी बलूनचालक हेन्री कॉक्सवेल यांच्यासह ते वुल्व्हरहॅम्प्टनहून निघाले. सु. २९,००० फूट (८,८०० मी.) उंचीवर ग्लेशर बेशुद्ध झाले. कॉक्सवेल यांचे हात गारठून निकामी झाले होते. त्यांनी झडपेची दोरी दातांनी ओढून बलून खाली आणले. शुद्धीवर आल्यावर ग्लेशर यांनी बेशुद्धीपूर्वीचा चढण्याचा वेग, नंतरचा उतरण्याचा वेग आणि मधली सु. १३ मिनिटे यांवरून कमाल उंची सु. ३७,००० फूट (११,००० मी.) काढली. हा आकडा वादग्रस्त आहे. माथ्याजवळ चढण्याचा वेग मंदावतो, हे या गणितात धरलेले नाही. शिवाय इतक्या उंचीवर ऑक्सिजनशिवाय दोघेही वाचणे कठीण होते. उंची ९,००० मी. च्या आसपास असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. किमान तापमापकातील सु. −२४° से. ही नोंद तर ९,००० मी. साठीही फार उबदार आहे, त्यामुळे वाद सोडवायला तिचा उपयोग होत नाही.

या उबदार नोंदीमागची तांत्रिक अडचण वरील विक्रमापेक्षा महत्त्वाची आहे. बलून वाऱ्याबरोबरच वाहते, त्यामुळे टोपलीतील उपकरणाला वारा लागत नाही आणि उन्हाने तापलेला तापमापक हवेचे नव्हे, तर स्वतःचेच तापमान दाखवतो. जॉन वेल्श यांनी १८५२ च्या उड्डाणांत तापमापकावरून हवा खेचण्याची सोय केली होती. जर्मन हवामानशास्त्रज्ञ रिखार्ट आसमान यांनी चकचकीत धातूच्या दुहेरी नळ्या आणि घड्याळी यंत्रावर चालणारा पंखा यांनी युक्त असा आर्द्रतामापक (कोरड्या व ओल्या तापमापकांची जोडी) बनवून ही अडचण दूर केली. तो घेऊन आर्टूर बेर्सोन ४ डिसेंबर १८९४ रोजी ९,१५५ मी. उंचीवर पोचले, तेथे −४७.९° से. नोंद झाली. ऋतूंतील फरक जमेस धरूनही ग्लेशर यांची वरच्या थरांतील तापमाने जास्त होती, हे आसमान, बेर्सोन आदींच्या बर्लिनच्या उड्डाणमालिकेने दाखवून दिले.

उंचीचा धोका ‘झेनिथ’ बलूनच्या उड्डाणात (१५ एप्रिल १८७५) उघड झाला होता. ऑक्सिजन सोबत असूनही क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल मरण पावले. गास्ताँ तिसांदिए तेवढे बचावले. १८९२ पासून एर्मित व बेझाँसाँ यांनी स्वयंलेखी उपकरणांची मानवरहित बलून सोडण्यास सुरुवात केली. फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ लेआँ तेसराँ द बॉर यांच्या अशाच बलूननी सु. ११ किमी. वर तापमान घटणे थांबल्याचे दाखवले. हा उन्हाचाच परिणाम असावा, ही शंका फेडण्यासाठी त्यांनी रात्रीही बलून सोडली. २३६ बलूनच्या नोंदींवर आधारलेला निष्कर्ष त्यांनी २८ एप्रिल १९०२ रोजी फ्रेंच अकादमीपुढे मांडला. आसमान यांनी तीनच दिवसांनी बर्लिनमध्ये स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष जाहीर केला. तापमान घटणे थांबते त्या उंचीवरील थराला पुढे स्थितांबर हे नाव मिळाले.