लोड केसची मांडणी (संरचना विश्लेषण)

इमारतीवर येणारे भार संगणकातल्या मॉडेलमध्ये वेगवेगळ्या नावांनी भरणे, गुणक लावून त्यांची कॉम्बिनेशन्स करणे आणि त्यावरून डिझाइनचे आकडे काढणे, या कामाला लोड केसची मांडणी म्हणतात. पुण्यातल्या आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या बांधकामाच्या) कन्सल्टंटकडे हे बहुधा ईटॅब्स किंवा स्टॅड प्रो या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि नव्याने लागलेल्या इंजिनिअरच्या गळ्यात पडते. खरे तर ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या माणसाने बघावे असे हे काम.

डेड लोड (बांधकामाचे स्वतःचे वजन), फिनिशिंग, भिंती, लाइव्ह लोड (माणसे, सामान यांचा वापरातला भार), भूकंप आणि वारा यांच्या केस, म्हणजे भारांचे गट, वेगळ्या ठेवतात. लाइव्ह लोडचे आणखी तुकडे पडतात. त्याचे कारण आयएस 1893 (2016) या भूकंपाच्या भारतीय संहितेमध्ये आहे: भूकंपासाठी वजन धरताना चौरस मीटरला 3 किलोन्यूटनपर्यंतच्या लाइव्ह लोडचा 25 टक्के भाग घ्यायचा, त्यावरच्याचा 50 टक्के, आणि गच्चीवरचा अजिबात नाही. घरातल्या खोल्यांचा 2 किलोन्यूटन आणि गच्चीचा भार एकाच केसमध्ये भरला, की हा हिशेब करता येत नाही.

या संहितेनुसार पुणे भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येते (गुणांक 0.16). वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात. काँक्रीटची संहिता आयएस 456 चे 1.5, 1.2 आणि 0.9 हे गुणक दोन्ही दिशांना, उलटसुलट लावले की भूकंपाची 12 कॉम्बिनेशन्स होतात, वाऱ्याची 12, आणि नुसत्या डेड-लाइव्हचे एक. भूकंपात 5 टक्के उत्केंद्रता (बल मध्यापासून सरकलेले धरणे) दोन्ही बाजूंना धरली की 25 ची 37 होतात.

चुका मात्र साध्याच असतात. स्वतःच्या वजनाचा गुणक डेड लोडमध्ये 1 असतो. तो फिनिशिंगच्या केसमध्येही 1 राहिला, तर 20 बाय 15 मीटरचा, 125 मिलिमीटर जाडीचा स्लॅब 937.5 ऐवजी 1875 किलोन्यूटनचा होतो. मॉडेल तक्रार न करता रन होते. म्हणून आधी प्रत्येक केसची बेस रिअ‍ॅक्शन (पायाशी येणारी एकूण प्रतिक्रिया) हाताने काढलेल्या वजनाशी ताडून पाहावी. पी-डेल्टा विश्लेषणात (इमारत झुकल्यामुळे भाराचा वाढणारा परिणाम धरणाऱ्या) स्टॅडचे साधे कॉम्बिनेशन चालत नाही, कारण ते आधीच निघालेल्या निकालांची नुसती बेरीज करते. तिथे रिपीट लोड, म्हणजे भार एकत्र करून नव्याने सोडवायची केस, द्यावा लागतो.

फुटिंगसाठी (कॉलमखालच्या पायासाठी) गुणकाविना असलेली कॉम्बिनेशन्स वेगळी करतात. कॉलमखाली 1200 किलोन्यूटन आणि मुरमाची एसबीसी (जमिनीची सुरक्षित भार पेलण्याची क्षमता) चौरस मीटरला 300 किलोन्यूटन असेल, तर 4 चौरस मीटर पुरतात. चुकून 1.5 चे कॉम्बिनेशन उचलले की 6 लागतात. खोदाई आणि काँक्रीट वाढते, पण धोका नसतो. फुटिंगचे स्टील मात्र गुणक लावलेल्या भारावरच काढायचे असते, तिथे 1200 धरणे महागात पडते.