दमट हवा आणि चपट्या नाकाचा चिन

जपानी चिन जातीचा कुत्रा आपल्याकडे क्वचितच दिसतो. वजन साधारण ३ ते ५ किलो, रेशमी केस, बशीसारखे डोळे आणि जवळजवळ नसलेलं नाक. भुंकणं कमी, व्यायामाची गरज बेताची, त्यामुळे वन बीएचकेसाठी अगदी योग्य असं सांगून तो विकला जातो. जागेपुरतं ते खरंच आहे. पण ठाण्याच्या घोडबंदर रोड किंवा नवी मुंबईतल्या खारघरच्या टॉवरमध्ये त्याची खरी अडचण जागेची नसते, हवेतल्या ओलाव्याची असते.

कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या गाद्यांनाच. उकाड्यात अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढायची. जीभ आणि नाकाच्या आतल्या ओल्या पडद्यावरून हवा फिरते, पाणी उडून जातं, रक्त थंड होतं. हवेतच बाष्प भरलेलं असेल, तर हे पाणी उडणार कसं? म्हणून पारा ३३ अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असलेली जूनमधली ढगाळ दुपार चिनला मे महिन्यातल्या कोरड्या उन्हापेक्षाही जड जाऊ शकते. त्यात त्याच्या नाकपुड्या अरुंद, नाकातली वाट दबलेली, मऊ टाळू लांब आणि घशात लोंबणारा. श्वास ओढायलाच स्नायूंना जोर लावावा लागतो, त्या कष्टाने अंग आणखी तापतं, घशाला सूज येते आणि वाट अजून अरुंद होते.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४१च्या पुढे जिवाला धोका. जीभ टोकाला रुंद होऊन बाहेर लोंबणं, घशातून घरघर, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या ही आधीची लक्षणं. हिरड्या निळसर झाल्या तर ऑक्सिजन कमी पडतोय. अशा वेळी नळाचं पाणी अंगावर ओतत राहायचं, पंखा लावायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. आतली उष्णता आतच कोंडते. तापमान ३९.५वर आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर एवढंसं अंग गरजेपेक्षा जास्त गार पडतं.

रोजच्या बंदोबस्तात फिरणं सकाळी सातच्या आत, एसी हवेतला ओलावा काढणाऱ्या 'ड्राय' मोडवर. पण बंद फ्लॅटमध्ये त्याला एसीच्या भरवशावर एकटं सोडून ऑफिसला जाऊ नये. दुपारी वीज गेली की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस हवा. मान आवळली की श्वासनलिका दबते, शिवाय डोळ्यांतला दाबही वाढतो.

चिनच्या डोळ्यांना खोबणीचा आधार कमी असतो. सोफ्याचा कोपरा, मांजराचा पंजा, एवढ्यानेही बुबुळावर ओरखडा उठतो. डोळा मिचकावणं, पाणी गळणं, पंजाने चोळणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. घरातले उरलेले ड्रॉप्स टाकणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्याने लाली कमी होते, पण बुबुळावरची जखम भरण्याऐवजी चिघळते.

खाण्याचं गणित मात्र गमतीचं आहे. विश्रांतीच्या अवस्थेतली गरज ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला सुमारे ९०० किलोकॅलरी, म्हणजे किलोमागे ३०. चार किलोच्या चिनला सुमारे २००, म्हणजे किलोमागे ५०. शरीर लहान तितकी इंधनाची गरज वजनाच्या मानाने जास्त, आणि साठा मात्र तुटपुंजा. म्हणून तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू फार वेळ उपाशी राहिलं की त्याची साखर घसरते, ते झोकांड्या खातं, थरथरतं. दिवसातून चार-पाच वेळा खायला द्या. झटका आलाच तर हिरड्यांना मध चोळा, बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काही ओतू नका, आणि थेट डॉक्टरांकडे जा. मोठेपणी धोका नेमका उलटा. नसबंदी झालेल्या चिनला दिवसाला २५० ते ३०० किलोकॅलरी पुरतात, आणि आजीने प्रेमाने भरवलेली एक पोळीच शंभराच्या घरात जाते. लठ्ठपणाने श्वास आणखी अडतो, गुडघ्यांवर भार येतो.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड लाद्यांवर त्याचे पाय घसरतात. त्यात या जातीत गुडघ्याची वाटी सरकण्याकडे कल असतो. चालताना मागचा एक पाय दोन पावलं उचलून धरला आणि मग जणू काही झालंच नाही असं पळाला, तर तेच समजा. नेहमीच्या वाटेवर रबरी मॅट, पंजांमधले केस कापलेले आणि सोफ्याला पायरी एवढं कराच. हा प्राणी मांजरासारखा सोफ्याच्या पाठीवर चढून बसतो.

पावसाळ्यात त्याचं पोट डबक्याला टेकतं, आणि डबक्यात उंदरांचं मूत्र असू शकतं. त्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी चुकवू नका, हा आजार माणसांनाही होतो. गोचिडांचं औषध वजनाप्रमाणेच. मोठ्या कुत्र्याची ट्यूब अर्धी-अर्धी करून वापरू नये. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहत असाल तर अंधार पडल्यावर त्याला जंगलाच्या कडेला नेऊ नका, बिबट्या कुत्री उचलतो.

पिल्लू घेण्याआधी केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद, मायक्रोचिप आणि आईबापांची जीएम-२ गँग्लिओसिडोसिसची जनुकीय तपासणी मागा. मेंदूचा हा असाध्य आजार साधारण वर्ष-दीड वर्षाच्या वयात दिसू लागतो, म्हणजे घरात जीव गुंतल्यावर. दोन्ही पालक वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण सदोष जनुक बाळगणारे, असतील तर दर पिल्लामागे धोका चारात एक. आणि आईबापांना प्रत्यक्ष बघा: दहा मिनिटं खेळवल्यावर त्यांचा श्वास ऐकू येण्याइतका घरघरत असेल, तर तिथलं पिल्लू घेऊ नका.