मेंदूतले नळ आणि सकाळची धार

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा डावा हात गेल्या महिन्यात दोनदा लुळा पडला. दोन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटांत आपोआप ठीक झाला. गावाकडे याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, डॉक्टर 'टीआयए' म्हणतात, म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त थोडा वेळ तुटणं. मानेची सोनोग्राफी झाली, तर मानेतून मेंदूला रक्त नेणारी उजवी कॅरोटिड रोहिणी पूर्ण बंद. मग कागदावर लिहून आलं : 'ब्रेन परफ्यूजन स्पेक्ट, डायमॉक्ससह. न्यूक्लियर मेडिसिन विभाग.' काकू 'न्यूक्लियर'पाशीच अडल्या. "भाऊ, हे अणुबॉम्बातलं काहीतरी आहे. घरात सून गरोदर आहे. तुम्ही केमिस्ट्री शिकवायचात ना, जरा बघा."

बघितलं. शिरेतून किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टोचायचं, त्याचे किरण कॅमेऱ्याने टिपायचे आणि मेंदूत कुठे किती रक्त पोचतं याचं चित्र काढायचं, ते हे स्पेक्ट. आणि मग दोन दिवस दुसरं काही केलं नाही, कारण या तपासणीतली युक्ती फार सुंदर आहे.

आधी एक कोडं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीत शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा घेतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या चार मुख्य नळांपैकी एक मोठा नळ बंद आहे, तरी काकांच्या एमआरआयमध्ये एकही कोपरा मेलेला दिसला नाही. हे कसं? एक तर मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं, त्यातून डाव्या बाजूचं रक्त उजवीकडे येतं. दुसरं जास्त मजेचं आहे. दाब कमी झाला की मेंदूतल्या बारीक रोहिण्या स्वतःहून रुंदावतात.

उन्हाळ्यातली सोसायटी डोळ्यांसमोर आणा. पाण्याचा जोर कमी झाला की आपण काय करतो? नळ आणखी उघडतो. अर्ध्या फेऱ्यात बादली भरायची, तिथे पूर्ण फेरा द्यावा लागतो. बादली भरते, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण पूर्ण उघडलेल्या नळाला आणखी उघडायला जागा उरलेली नसते. जोर जरा आणखी घटला की बादली कोरडी. काकांच्या उजव्या मेंदूतले नळ किती उघडले आहेत, अजून किती फेरे शिल्लक आहेत, हे डॉक्टरांना हवं होतं. एमआरआयचं साधं चित्र बादली दाखवतं, नळाची चावी दाखवत नाही.

डायमॉक्स येतं ते इथे. हे अ‍ॅसिटाझोलामाइड, काचबिंदूवर दिलं जाणारं जुनं औषध. ते कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर अडवतं, त्यामुळे मेंदूच्या ऊतींत कार्बन डायऑक्साइड साठतो, आम्लता किंचित वाढते आणि रक्तवाहिन्यांना हुकूम सुटतो : सगळे नळ उघडा! निरोगी मेंदूत १ ग्रॅम औषध शिरेतून दिल्यावर रक्तप्रवाह तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त वाढतो. जिथे नळ आधीच पूर्ण उघडे, तिथे वाढ होत नाही. कधीकधी उलट घटच होते, कारण निरोगी भागातले नळ एकदम उघडल्यामुळे पाणी तिकडे पळतं. शेजाऱ्याने नळाला मोटर लावली की आपली धार का बारीक होते, ते तुम्हाला माहीत आहेच. वैद्यकातही या प्रकाराला 'स्टील', म्हणजे चोरी, असाच शब्द आहे.

आता हा क्षणभराचा प्रवाह टिपायचा कसा? औषधाचा परिणाम ओसरतो, रुग्ण हलतो, कॅमेऱ्याला चित्र घ्यायला अर्धा तास लागतो. त्यासाठी एचएमपीएओ नावाचा रेणू. त्याच्या मधोमध टेक्नेशियमचा एक अणू बसवलेला असतो. हा रेणू विद्युतभाररहित आणि मेदात विरघळणारा, म्हणून मेंदू आणि रक्त यांच्यामधला कडक पहारा तो सहज ओलांडतो. आत शिरला की त्याचं रूप पालटतं, तो पाण्यात विरघळणारा होतो, आणि तोच पहारा आता त्याला बाहेर सोडत नाही. देवळात शिरताना पायात चपला होत्या, निघताना गायब, अशी त्याची गत. चपला कोण नेतं? पेशीतल्या ग्लुटाथायोन या रसायनाचा यात हात असल्याचं मानतात. गंमत म्हणजे रेणूची रचनाही नेमकी लागते. एचएमपीएओचे दोन त्रिमितीय प्रकार आहेत. एक 'डी-एल', म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या जोडीचं मिश्रण. दुसरा 'मेसो', ज्याची आरशातली प्रतिमा तोच. अणू तेच, बंध तेच, फक्त दोन मिथिल गटांची दिशा वेगळी. डी-एल मेंदूत अडकून राहतो, मेसो पुष्कळसा धुऊन निघतो. म्हणून औषधात डी-एल वेगळा काढून वापरतात. वर्गात समघटकता शिकवताना मुलं विचारायची, 'सर, याचा उपयोग काय?' तेव्हा हे उदाहरण हाताशी असतं तर!

तर, टोचल्यापासून दोनेक मिनिटांत ही वाटणी पक्की होते : जिथे जास्त रक्त, तिथे जास्त टेक्नेशियम. नंतर रुग्णाने चहा घेतला, डुलकी काढली तरी चित्र बदलत नाही. कॅमेरा तासाभराने जे पाहतो ते टोचण्याच्या क्षणाचं गोठलेलं दृश्य असतं. (फार जोरदार प्रवाहाला हा रेणू थोडा कमी गुण देतो, म्हणून निरोगी बाजूची वाढ आहे त्याहून जरा लहान दिसते. जाणकारांनी हे ध्यानात ठेवायचं, बाकीच्यांनी पुढे चला.)

आणि हे टेक्नेशियम तरी काय? आवर्त सारणीतली ४३ क्रमांकाची जागा, जी कित्येक वर्षं रिकामी होती. १९३७ साली सिसिलीतल्या पालेर्मोमध्ये पेरिए आणि सेग्रे यांनी बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मोलिब्डेनमच्या पत्र्यात ते शोधलं. माणसाने बनवलेलं पहिलं मूलद्रव्य, म्हणून ग्रीक भाषेत 'कृत्रिम' असंच नाव. त्याचं ९९एम हे रूप सहा तासांत अर्धं होतं. एवढ्या अल्पायुषी मालाची वाहतूक कशी करणार? उपाय निघाला तो अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, १९५०च्या दशकाच्या अखेरीस. त्याचा जनक मोलिब्डेनम-९९ पाठवायचा, त्याचं अर्धायुष्य ६६ तास. तो अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभाला चिकटवून शिशाच्या आवरणात ठेवतात. मोलिब्डेटवर दोन ऋणभार, तो स्तंभ धरून बसतो. त्याच्यापासून तयार झालेल्या पर्टेक्नेटेटवर एकच, तो सलाइनबरोबर खाली उतरतो. जगभर या यंत्राला 'गाय' म्हणतात. सकाळी धार काढायची, दुसऱ्या सकाळी कास पुन्हा भरलेली. आठवडाभराने गाय भाकड होते, नवी मागवायची. आपल्याकडे अशा गायी, म्हणजे जनित्रं, अणुऊर्जा खात्याच्या वाशीतल्या 'ब्रिट' या संस्थेकडून रुग्णालयांना जातात, आणि परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या शास्त्राचं देशातलं माहेरघर आहे. अणुऊर्जा म्हटलं की आपल्याला फक्त तारापूर आणि जैतापूर आठवतं.

काकूंच्या भीतीबद्दल. टोचलेलं टेक्नेशियम वजनाने ग्रॅमच्या काही अब्जांश भागांएवढं. मेंदूच्या पूर्ण मात्रेच्या एका तपासणीत सुमारे ७ मिलीसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, आकाश आणि अन्न यांतून माणसाला तसाही वर्षाला सरासरी २.४ मिळतच असतो. म्हणजे शून्य नाही, पण बॉम्बही नाही. उगाच हौस म्हणून करू नये, गरज असेल तर टाळू नये. त्या दिवशी काकांनी सुनेच्या शेजारी फार वेळ बसू नये, इतकंच. चोवीस तासांत क्षयानेच सोळावा हिस्सा उरतो.

मध्येच काकूंचे भाऊ गावाहून आले आणि पारव्याचं रक्त हातावर चोळा म्हणाले. त्यांच्या भावकीत एकाचा हात त्याने तासाभरात सुटला होता. सुटणारच. टीआयएत हात बहुधा तासाभराच्या आत आपला आपणच सुटतो. तेवढ्यात पारवा कापला तर श्रेय पारव्याचं. खरा पक्षाघाताचा झटका आला असेल तर मात्र तो तास अमोल असतो. मधला भाग मेलेला, पण भोवतीचा निपचित पडलेला भाग अजून जिवंत, अशी स्थिती असते. ग्रहणातल्या शब्दावरून त्या पट्ट्याला १९८१ पासून 'पेनम्ब्रा', आपली उपच्छाया, म्हणतात. मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. २०च्या आसपास पेशी काम थांबवतात, १०च्या खाली गेलं की लवकरच मरतात. या दोन आकड्यांमधल्या पेशी वाचवायला स्पेक्टची वाट पाहत नाहीत. तिथे सीटी करून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. अणुचित्रणाची गाय दाराशी बांधलेली असली, तरी तिची धार काढून, रेणू बनवून, चित्र घेईपर्यंत फार वेळ जातो.

मला हे शास्त्र आवडतं म्हणून त्याचा एक पराभवही सांगतो. रक्त कमी पडलं की मेंदू आहे त्या रक्तातून जास्त ऑक्सिजन पिळून घेतो. १९८१ मध्येच बारों या फ्रेंच मेंदूतज्ज्ञाने या अवस्थेला 'मिझरी परफ्यूजन', दैन्याचा पुरवठा, म्हटलं. अमेरिकेत पेट स्कॅनने (हाही अणुचित्रणाचाच प्रकार) नेमके असे, कॅरोटिड बंद असलेले रुग्ण निवडले आणि कवटीबाहेरची रोहिणी आत जोडून नवी नळजोडणी दिली. तर्क बिनचूक होता. २०११ मध्ये निकाल छापून आला : त्या बाजूचा झटका दोन वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांत २१ टक्के, फक्त औषधं घेणाऱ्यांत २२.७. पहिल्या तीस दिवसांत तर शस्त्रक्रियेच्या गटात १४.४ टक्के, दुसऱ्यात २. स्कॅनने धोका बरोबर ओळखला होता, प्लंबरच महाग पडला. 'हाय-टेक स्कॅन केला की इलाज आलाच' असं सांगणाऱ्या जाहिराती बघितल्या की मला हे आकडे आठवतात.

काकांच्या चित्रात डायमॉक्सनंतर डावी बाजू पिवळी-लाल फुलली, उजवीचा पुढचा भाग निळाच राहिला. नळ जवळपास पूर्ण उघडे. गोळ्या वाढल्या, तंबाखू सुटली, शस्त्रक्रिया नाही, पुन्हा सहा महिन्यांनी दाखवायचं ठरलं.

ते फिल्म घेऊन माझ्याकडे आले आणि विचारलं, "ते तुमचं टेक्नेशियम गेलं कुठे?" बरंचसं दोनेक दिवसांत लघवी-शौचावाटे गटारात. उरलेल्याने किरण सोडून टेक्नेशियम-९९ चं रूप घेतलं, त्याचं अर्धायुष्य दोन लाख अकरा हजार वर्षं. इतका मंद क्षय की कॅमेऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. काका थोडा वेळ फिल्मकडे बघत बसले. "म्हणजे माझ्यापेक्षा जास्त टिकेल," म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.