जागतिक बँकेच्या अध्यक्षांची दप्तरे : पार्श्वभूमी

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे. पेशवाईच्या कारभाराचे बरेचसे कागद या खाजगी वाड्यात राहिले होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्यातील संग्राहकांनी त्यांतले निवडक कागद छापले तेव्हा ‘मेणवली दप्तर’ हे नाव रूढ झाले. कारभाऱ्याच्या घरात सापडलेला कागद घरचा की दौलतीचा, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही, कारण कागद हाती लागला हेच मोठे होते. वॉशिंग्टनमधल्या जागतिक बँकेच्या अध्यक्षांच्या दप्तरांबाबत मात्र सगळा गुंता याच प्रश्नाभोवती आहे.

सातारा-सांगलीकडच्या अभ्यासकांना या दप्तरांत रस वाटण्याचे कारण उघड आहे. कोयनेच्या वीजप्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला 1960 च्या दशकात बँकेच्या सवलतीच्या कर्जाच्या शाखेकडून पैसा मिळाला होता, आणि 2019 व 2021 च्या महापुरांनंतर कृष्णेच्या पूरनियंत्रणाच्या चर्चेतही बँकेचे नाव पुन्हा येऊ लागले.

बँकेचे कामकाज 25 जून 1946 रोजी सुरू झाले. पहिले अध्यक्ष जेमतेम सहा महिने राहिले, त्यामुळे त्यांच्या काळाचा कागद साहजिकच थोडा आहे. दुसऱ्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत 1947 च्या मे महिन्यात फ्रान्सला 25 कोटी डॉलरचे पहिले कर्ज दिले गेले. तिसरे अध्यक्ष 1949 ते 1962 अशी तेरा वर्षे होते. भारताला रेल्वेसाठी मिळालेले पहिले कर्ज आणि 1960 चा सिंधू पाणीवाटप करार हे दोन्ही त्यांच्या काळातले. 1961 मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बँकेतील जुन्याजाणत्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. पुढच्या मौखिक इतिहासाच्या उपक्रमाची सुरुवात तिथून धरतात.

दप्तराचे खरे रूप दिसते ते पाचव्या अध्यक्षांपासून. अमेरिकेचे संरक्षणमंत्रिपद सोडून ते 1968 च्या एप्रिलमध्ये आले आणि 1981 च्या जूनपर्यंत राहिले. कोयनेचा भूकंप आदल्या डिसेंबरमधला, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीचा आरंभ आपल्याकडे चटकन लक्षात राहतो. या तेरा वर्षांच्या कागदांच्या मालिका कोणत्याही जुन्या कचेरीतल्या माणसाला ओळखीच्या वाटतील : तारखेवार लावलेली आवक-जावक, भाषणे, दौऱ्यांपूर्वी तयार केलेली माहितीपत्रके, भेटीनंतर सहायकांनी लिहून ठेवलेली टिपणे, आणि सदस्य देशांशी झालेल्या संपर्काच्या देशवार फायली. भारताच्या फायली या शेवटच्या मालिकेत आहेत.

यांतील स्कॅन केलेली एखादी फाईल उघडली की आधी बँकेने नव्याने जोडलेले पान दिसते. त्यावर फाईलचा क्रमांक, मालिकेचे नाव, कागदांचा कालावधी आणि स्कॅन केल्याची तारीख असते. मग मूळ फाईलचे मुखपृष्ठ येते आणि त्यावर गोपनीयता उठवल्याचा शिक्का असतो. काही फायलींवर ‘निर्बंधांसह’ असे शब्द त्या शिक्क्यातच आढळतात. पुढे पाने चाळताना मध्येच एक छापील तक्ता लागतो : या ठिकाणचा कागद काढून ठेवला आहे, तो पत्र होता की टिपण, तारीख अमुक, कारण अमुक. रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचे कापडी गाठोडे, सोडल्यावर मधले कागद गहाळ निघाले तर ते कोणी नेले हे आपल्याकडे कधीच कळत नाही. इथे निदान नेल्याची नोंद तरी आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण फाईलमधले सर्वांत प्रामाणिक पान तेच असते.

आता मूळ गुंत्याकडे. पाश्चात्त्य दप्तरशास्त्रात एका व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या कामकाजातून आपोआप साठत गेलेल्या कागदांना एकच समूह मानतात आणि तो फोडत नाहीत. ‘फाँ’ (fonds) या मूळ फ्रेंच संज्ञेला मराठीत ‘दप्तर’ हाच शब्द जवळचा आहे, पण तो पुरता बसत नाही, कारण आपल्या दप्तराला जागा चिकटलेली असते आणि त्या संज्ञेला निर्माता चिकटलेला असतो. बँकेच्या मांडणीत हा निर्माता म्हणजे अध्यक्ष नावाचे कार्यालय, त्या खुर्चीतला माणूस नव्हे. माणूस जाताना आपले म्हणून जे नेतो ते दुसरीकडे पोहोचते. पहिल्या आणि पाचव्या अध्यक्षांचे खाजगी कागद अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत, तर दुसऱ्या अध्यक्षांचे ॲमहर्स्ट कॉलेजात. परिणामी एकाच विषयावर अध्यक्षांनी सकाळी कार्यालयातून पाठवलेले पत्र एका शहरात आणि त्याच रात्री घरी लिहिलेली टाचणे दुसऱ्या शहरात, अशी स्थिती संभवते. ‘अमुक अध्यक्षांचे दप्तर’ हा शब्दप्रयोग त्यामुळे फसवा ठरतो. मेणवलीच्या बरोबर उलटा हा प्रकार आहे : तिथे दौलतीचा कागद घरात राहिला, इथे घरचा कागद दौलतीबाहेर गेला. कार्यालयाचा कागद कोणता हे ठरवण्याचा पहिला अधिकार मात्र दोन्हीकडे कागद बाळगणाऱ्याचाच राहिला, ही या व्यवस्थेतली उणी बाजू फारशी बोलली जात नाही.

कागद उघडण्याच्या नियमांचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे आणि त्यात नर्मदेचा वाटा मोठा आहे. सरदार सरोवराच्या 45 कोटी डॉलरच्या कर्जाची फेरतपासणी करणाऱ्या स्वतंत्र समितीने 1992 च्या जूनमध्ये कठोर अहवाल दिला, पुढच्या मार्चमध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले, आणि त्याच वर्षी बँकेने माहिती खुली करण्याचे नवे धोरण आणि तक्रारींसाठी तपासणी मंडळ अशा दोन्ही गोष्टी मंजूर केल्या. नंदुरबारच्या बुडीत गावांचा उल्लेख धोरणाच्या मसुद्यात शोधून सापडणार नाही, पण कालक्रम पुरेसा बोलका आहे.

1 जुलै 2010 पासून नियमाची दिशाच बदलली. आधी काय दाखवता येईल याची यादी होती, आता काय दाखवता येणार नाही याची यादी आहे. त्या यादीत व्यक्तिगत माहिती, वकिलांशी झालेला पत्रव्यवहार आणि कार्यकारी संचालकांच्या कार्यालयांचा आपसांतील पत्रव्यवहार येतो. अन्य बऱ्याच कागदांना 5, 10 किंवा 20 वर्षांची मुदत आहे. आपल्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(3) मध्येही वीसच वर्षे आहेत, म्हणून दोन्ही नियम सारखे असल्याचा समज होतो. आपल्याकडे ही मुदत घटनेपासून मोजतात आणि तिची सक्ती कायद्याची आहे. बँकेत मुदत भरली म्हणजे कागद उघडण्यास पात्र झाला, एवढेच. कोणीतरी फाईल मागावी लागते, मग दप्तरखान्यातील कर्मचारी ती पान पान तपासतात, आणि वर सांगितलेले तक्ते त्या तपासणीतच आत शिरतात.

कोयनेचा शोध घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रकल्पाचे तांत्रिक अहवाल, कर्जाचे हप्ते, पाहणीसाठी आलेल्या पथकांची टिपणे हे सारे कर्जविभागाच्या प्रकल्पवार फायलींत जाते. अध्यक्षांच्या दप्तरात प्रकल्प येतो तो मंत्र्याच्या भेटीच्या टिपणात एखाद्या ओळीने, किंवा दौऱ्याच्या माहितीपत्रकातील कर्जांच्या यादीत. धरणग्रस्तांची नावे तिथे नसतात. ती साताऱ्याच्या पुनर्वसन कार्यालयातील नोंदवह्यांत शोधावी लागतात.