ब्लॅक तरुण आणि थेरपिस्ट: भरवशाचा प्रश्न (अमेरिका)

अमेरिकेतली ब्लॅक मुलं-मुली आणि त्यांच्यावर उपचार करणारे सायकॉलॉजिस्ट, सायकिअ‍ॅट्रिस्ट यांच्यात भरवसा कसा बसतो, किंवा का बसत नाही, त्याबद्दलची ही नोंद. विषय निघाला की "घरचे लपवतात, लोक काय म्हणतील म्हणून जात नाहीत" हेच आधी ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

उरलेलं अर्धं डॉक्टरांच्या बाजूचं. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलं की मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रेपेटोमेनिया' हा मानसिक आजार असतो, म्हणजे पळावंसं वाटणं हाच रोग आणि त्यावर इलाज काय तर चाबूक! पुढे अलाबामा राज्यातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२, तब्बल ४० वर्षं, सिफिलिस झालेल्या ३९९ ब्लॅक पुरुषांना सरकारी डॉक्टर नुसते बघत बसले, पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. आजही स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचा शिक्का गोऱ्यांपेक्षा ब्लॅक पेशंटवर जास्त बसतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट या दोघांच्याही राष्ट्रीय संघटनांनी वंशभेदाबद्दल माफी मागितली ती थेट २०२१ मध्ये.

भरवसा कमावल्याचं जुनं आणि मला सगळ्यात पटणारं उदाहरण हार्लेमचं, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या ब्लॅक वस्तीचं. मेमी आणि केनेथ क्लार्क या सायकॉलॉजिस्ट जोडप्याने आधी न्यूयॉर्कमधल्या संस्थांना विचारून पाहिलं की हार्लेमच्या मुलांसाठी काही सुरू करा, कोणी तयार होईना, मग १९४६ मध्ये मेमीच्या वडिलांकडून पैसे उसने घेऊन एका इमारतीच्या तळघरात स्वतःच सेंटर काढलं, तेच आजचं नॉर्थसाइड सेंटर. "वेड्यांच्या डॉक्टरकडे" पोराला न्यायला लोक बिचकायचे. पण शाळेने मतिमंद ठरवून वेगळ्या वर्गात टाकलेल्या मुलांच्या आया मात्र यायला लागल्या, कारण आपलं पोर तसं नाही हे त्यांना दिसत होतं. सेंटरने टेस्ट घेतल्या तर बऱ्याच मुलांना त्या वर्गात टाकणंच चुकीचं होतं असं निघालं. आधी शाळेशी भांडायला कागद हातात दिला, मनातलं बोलणं नंतर.

हल्ली हेच काम न्हाव्याच्या दुकानातूनही चालतं. 'द कन्फेस प्रोजेक्ट' न्हाव्यांना ट्रेनिंग देतं, समोरच्याचं ऐकायचं कसं आणि गरज वाटली तर थेरपिस्टकडे पाठवायचं कसं याचं. खुर्चीत तोच मुलगा दर पंधरा दिवसांनी येऊन बसतो, त्यामुळे ओळख आधीपासूनच असते.

थेरपिस्टच्या खोलीत मात्र खरी अडचण पहिल्याच दिवशी येते. मुलांवर अत्याचार होतोय असा संशय आला तर थेरपिस्टला कायद्याने कळवावंच लागतं, आणि पोलीस किंवा बालकल्याणवाले दारात येणं म्हणजे काय हे या मुलांनी आजूबाजूला पाहिलेलं असतं. म्हणून आईला काय सांगणार, वहीत काय लिहिणार, कधी फोन करावाच लागेल, हे मुलाने तोंड उघडायच्या आधीच सांगून टाकावं लागतं.