जर्मनीचा अर्ज भरण्याआधी पासपोर्ट आणि मार्कशीट शेजारी ठेवा

मे-जून आला की आमच्या भाषांतर कार्यालयाच्या काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येते : ‘भाषांतर करताना तेवढं नावाचं स्पेलिंग नीट करून द्या ना.’ ते आम्ही करत नाही. का करत नाही आणि त्याऐवजी काय करता येते, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

जर्मनीत शिकायला जायचे तर कागद बऱ्याच ठिकाणी जातात : एपीएस (भारतीय शैक्षणिक कागदांची पडताळणी करणारे जर्मन केंद्र), युनि-असिस्ट (अनेक जर्मन विद्यापीठांचे अर्ज तपासणारी संस्था) किंवा थेट विद्यापीठ, ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे खाते), आरोग्य विमा आणि शेवटी व्हिसा. प्रत्येक ठिकाणी तुमचे नाव नव्याने टाइप होते. घोटाळा तिथेच होतो.

आपले नाव तीन पदांचे. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे. आईचे नाव वेगळ्या ओळीत. जर्मन फॉर्मवर मात्र नावाचे रकाने दोनच, फोरनामे (स्वतःचे नाव) आणि नाखनामे (आडनाव). मग कोणी वडिलांचे नाव गाळतो, कोणी ते आडनावाला जोडतो, कोणी एपीएसला एक आणि युनि-असिस्टला दुसरेच भरतो. नियम सोपा आहे. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’खाली जे आहे ते सगळे फोरनामेत, वडिलांचे नाव तिथे असेल तर तेसुद्धा, ‘सरनेम’खालचे नाखनामेत. शेवटच्या फॉर्मपर्यंत हेच ठेवायचे.

मार्कशीटवर आडनाव आधी आहे म्हणून घाबरू नका. ‘सरनेम फर्स्ट’ असे तिथे छापलेलेच असते. खरी अडचण अक्षरांची. पूजाच्या नावात दहावीला दोन ‘ओ’ आणि पदवीला ‘यू’, वानखेडे कुठे ‘डब्ल्यू’ने तर कुठे ‘व्ही’ने, चव्हाणमध्ये एखादा ‘एच’ जास्त. घरी हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आपण ते मराठीतच वाचतो.

मागे एक विद्यार्थिनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली. हिवाळी सत्राच्या बऱ्याच अर्जांची मुदत १५ जुलैला संपते. तिने सगळे अर्ज मार्कशीट बघून भरले होते. पासपोर्टवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे निघाले. अर्ज नव्याने करायचे म्हणजे युनि-असिस्टचे पहिल्या पसंतीचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ३० युरो पुन्हा. एपीएसचे १८,००० रुपये तर आधीच भरून झाले होते. तिचा सगळा जुलै खुलाशाची पत्रे लिहिण्यात गेला. फेब्रुवारीत अर्धा तास आली असती तर यातले काहीच झाले नसते, ही हळहळ आम्हाला आजही आहे.

आता भाषांतराविषयी. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला मराठीत असेल, तर नावाचे रोमन स्पेलिंग आम्ही पासपोर्टप्रमाणे लिहितो. तिथे निवड करावीच लागते. पण मूळ कागदावर इंग्रजी नाव छापलेले असेल, तर ते अक्षर न् अक्षर तसेच उतरवतो, चुकीचे असले तरी. भाषांतरावर आमचा शिक्का आणि सही असते. मूळ कागद आणि भाषांतर यांत फरक सापडला, तर संशय तुमच्या सगळ्याच कागदांवर येतो. काही पालक यावरून रागावतात. त्यांचा राग आम्ही समजू शकतो, पण शिक्का आम्ही असाच वापरणार.

उपाय कागद पाहून ठरतो. सगळ्या मार्कशीट एकसारख्या आणि पासपोर्टच वेगळा असेल, तर आधी पासपोर्ट दुरुस्त करा. नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर, म्हणून हे काम कुठलाही अर्ज भरण्याआधीचे. एखाद्याच मार्कशीटवर अक्षर चुकले असेल, तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे दुरुस्ती मागता येते. तेवढा वेळ नसेल तर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्राने स्पेलिंग बदलत नाही. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, एवढेच ते सांगते. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत आणावे.

अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून सरकार मारते तो शिक्का, त्याबद्दलही बरेच जण विचारतात. भारत आणि जर्मनी दोघेही त्यासाठीच्या हेग करारात आहेत, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतल्यामुळे या दोन देशांमध्ये तो शिक्का चालत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

नावांची पहिली तपासणी आम्ही विनामूल्य करतो. पुढचे काम आमच्याकडेच द्यावे अशी अट नाही. पासपोर्ट, दहावी-बारावीच्या मार्कशीट, पदवीच्या सर्व सत्रांच्या मार्कशीट आणि आधार असे मूळ कागद आणा, मोबाइलमधले फोटो नकोत. भाषांतर, प्रतिज्ञापत्राचा मसुदा आणि फॉर्म भरून देणे यांचे दर काउंटरवर लावलेले आहेत. शक्यतो मार्चच्या आत या. तेव्हा आमच्याकडेही प्रत्येकाला नीट वेळ देता येतो. पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला असेल, तर नवा हातात आल्यावरच या. जुन्या नंबरावर आम्ही काम सुरू करत नाही.