जायरोप्लेनची ‘जागेवरून उडी’ : एक खुलासा

जायरोप्लेन (इंजिनावरच्या प्रोपेलरने पुढे जाणारे आणि डोक्यावरच्या, हवेच्या झोताने फिरणाऱ्या पात्यांच्या म्हणजे रोटरच्या आधारे तरंगणारे छोटे विमान) घेतले की धावपट्टीची गरज उरत नाही, शेताच्या लहानशा तुकड्यावरूनही ते सरळ वर झेपावते, असा समज पुण्यातील हौशी उड्डाणप्रेमींमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याला थोडा आधार आहे, म्हणूनच तो चिवट आहे. स्पॅनिश अभियंते हुआन दे ला सिएर्वा यांच्या ऑटोजायरोने (जायरोप्लेनचेच जुने नाव) १९३६ मध्ये लंडनजवळ हाउन्स्लो हीथ येथे अशी उडी जाहीरपणे घेऊन दाखवली होती.

मात्र त्या उडीसाठी पात्यांचा कोन शून्याजवळ ठेवून रोटर उड्डाणातील वेगापेक्षाही जास्त वेगाने फिरवावा लागतो, मग क्लच (इंजिन आणि रोटर यांना जोडणारा दुवा) सोडून कोन एकदम वाढवावा लागतो, आणि रोटरमध्ये साठलेली ऊर्जा काही सेकंदांत ओसरण्याआधी प्रोपेलरच्या जोरावर पुढचा वेग मिळवावा लागतो. त्याच क्षणी इंजिन बंद पडले, तर वैमानिकाजवळ ना उंची असते ना वेग. आज हौशी वैमानिक वापरतात त्या बहुतेक जायरोप्लेनची पाती मुळात स्थिर कोनाची असतात; त्यांचा प्रीरोटेटर (उड्डाणाआधी जमिनीवरच रोटर फिरवून देणारी यंत्रणा) धाव कमी करतो, संपवत नाही. जास्तीची यंत्रणा, वजन आणि जोखीम पाहता ही उडी हौशी उड्डाणासाठी व्यवहार्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्यात तर हवाही साथ देत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. एप्रिलमधील ४० अंशांच्या दुपारी येथील हवा प्रमाण वातावरणातील (तुलनेसाठी ठरवलेल्या सरासरी वातावरणातील) सुमारे १६०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते, त्यामुळे उडी खुजी पडते आणि पुढचा वेग घ्यायला अधिक वेळ लागतो.